आर पॅकेज बांधायचा डेव्हटूल्स संच: लपलेले ऑब्जेक्ट किती पकडतो, किती झाकतो

कापूस, माती, संत्री, पर्यावरण या चारही विषयांच्या केंद्रीय संशोधन संस्था नागपुरात आहेत. या विषयांचे आकडे हाताळायला आर ही संगणकभाषा सोयीचं हत्यार आहे. सुरुवात बहुधा एका लांबलचक स्क्रिप्टपासून होते. मग तीच स्क्रिप्ट तीन जणांना लागते, कोणीतरी म्हणतं की याचं पॅकेज (इतरांना बसवता येईल असा कोडचा गठ्ठा) करून टाका, आणि दुसऱ्या दिवसापासून "माझ्याकडे चालतं, तुमच्याकडे का नाही" हा प्रश्न सुरू होतो. या परीक्षणाचा विषय तो प्रश्नच आहे. पॅकेज बांधायला मदत करणारं डेव्हटूल्स (कोड लोड करणाऱ्या, पोटातल्या पीकेजीलोडसह), फंक्शनवरच्या टॅगांवरून नेमस्पेस फाईल लिहिणारं रॉक्सिजन आणि पॅकेज तपासणारं, आरसोबत येणारं आर सीएमडी चेक ही तीन हत्यारं इथं एकाच कसोटीवर घासली आहेत: लपलेले ऑब्जेक्ट (फंक्शन, तक्ता अशा नाव दिलेल्या वस्तू) आणि नेमस्पेसच्या (पॅकेजच्या आतल्या नावांच्या जागेच्या) चुका त्यांच्याकडून किती सापडतात.

उदाहरणासाठी एक लहान पॅकेज धरू. नाव संत्राभाव. कळमना बाजारातल्या आवकेची आणि भावाची सीएसव्ही फाईल ते वाचतं, तारखेवरून बहार ठरवतं (ऑक्टोबर ते डिसेंबर आंबिया, फेब्रुवारी-मार्च मृग) आणि सरासरी काढतं. इथं कोड वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत आहे. प्रत्यक्ष फाईलमध्ये पॅकेजचं नाव रोमन अक्षरांतच असावं लागतं आणि फंक्शनांची नावंही रोमनच ठेवावीत.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. आरमध्ये "लपलेलं" या शब्दाचे दोन वेगळे अर्थ आहेत. नावाची सुरुवात टिंबानं झाली की एलएस() ते ऑब्जेक्ट यादीत दाखवत नाही, हा पहिला अर्थ. पॅकेजमध्ये आहे पण एक्सपोर्ट केलेलं (बाहेरच्यांसाठी उघडं केलेलं) नाही, म्हणून वापरणाऱ्याच्या हाती लागत नाही, हा दुसरा. या दोहोंचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. .बहार_ओळखा या फंक्शनवर @एक्सपोर्ट हा टॅग लिहिला तर रॉक्सिजन ते बिनतक्रार एक्सपोर्ट करतं. पॅकेज जोडल्यावर (म्हणजे लायब्ररी() केल्यावर) ते बोलावताही येतं, फक्त एलएस("पॅकेज:संत्राभाव") मध्ये दिसत नाही. उलट बहार_ओळखा, टिंबाशिवाय पण टॅगशिवायही, बाहेरच्याला मिळतच नाही. टिंब दिलं की आपोआप खासगी होतं, ही समजूत नव्या पॅकेजच्या जुन्या साच्यांतून आली आहे. त्या साच्यांच्या नेमस्पेस फाईलमध्ये (काय एक्सपोर्ट, काय इम्पोर्ट ते सांगणाऱ्या फाईलमध्ये) एक्सपोर्टपॅटर्न("^[[:अल्फा:]]+") ही एकच ओळ असायची. अक्षरानं सुरू होणारं सगळं ती बाहेर काढायची आणि टिंबवालं आत ठेवायची. आर लिहायच्या आरस्टुडिओ या संपादकाचा पॅकेज साचा वापरला तर ही ओळ आजही भेटू शकते.

आता डेव्हटूल्सचं सर्वांत लाडकं बटण: लोड_ऑल(), आरस्टुडिओत कंट्रोल-शिफ्ट-एल. पॅकेज न बसवता सगळा कोड क्षणात हजर होतो, आणि ज्याला दिवसभरात तीस-चाळीस वेळा बदल करून बघायचे आहेत त्याच्यासाठी याला पर्याय नाही. पण याची मूळ सेटिंग एक्सपोर्ट_ऑल = ट्रू अशी आहे. म्हणजे एक्सपोर्ट न केलेली फंक्शनंसुद्धा कन्सोलवर जशीच्या तशी मिळतात. सरासरी_भाव() वर टॅग लिहायचा राहिला तरी तुमच्या खिडकीत ते उत्तम चालतं. सहकाऱ्यानं पॅकेज बसवून लायब्ररी(संत्राभाव) केलं की त्याला "कुड नॉट फाइंड फंक्शन" दिसतं. ही मूळ सेटिंग चुकीची आहे असं आमचं ठाम मत आहे. नवख्याला ती हमखास फसवते. कोड बाहेर देण्याच्या आदल्या दिवसापासून तरी लोड_ऑल(एक्सपोर्ट_ऑल = फॉल्स) असं चालवावं. तेव्हा कन्सोलवर फक्त एक्सपोर्ट केलेलं मिळतं आणि राहिलेले टॅग तिथल्या तिथे उघडे पडतात.

टेस्ट लिहिल्या आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. टेस्ट चालवणारं टेस्टदॅट हे पॅकेज तुमच्या टेस्ट ज्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (नावं साठवण्याच्या जागेत) चालवतं तिचं पालकत्व पॅकेजच्या नेमस्पेसकडे असतं. त्यामुळे खासगी फंक्शनंही टेस्टमध्ये थेट बोलावता येतात. ही मुद्दाम दिलेली सोय आहे आणि चांगली आहे, पण एक्सपोर्ट राहिल्याची चूक टेस्टमध्ये कधीच पकडली जाणार नाही. ती पकडतात उदाहरणं, म्हणजे @एग्झाम्पल्सखाली लिहिलेला कोड. चेक ती उदाहरणं पॅकेज रीतसर जोडून, वापरणाऱ्याच्या जागेवरून चालवतं. म्हणून प्रत्येक एक्सपोर्ट केलेल्या फंक्शनला निदान दोन ओळींचं, खरोखर चालणारं उदाहरण असावं. डोंटरन (चालवू नका अशी खूण) लावून ते झाकलं तर ही सगळी राखण वाया जाते.

आता सर्वांत खोल खड्डा. पॅकेजमधलं फंक्शन एखादं नाव शोधतं तेव्हा क्रम असा असतो: आधी पॅकेजची नेमस्पेस, मग इम्पोर्ट केलेल्या वस्तू, मग बेस (आरचा मूळ गाभा), मग ग्लोबल एन्व्हायर्नमेंट (कन्सोलवर बनवलेलं जिथं राहतं ती जागा), आणि शेवटी जोडलेली बाकी पॅकेजेस. या क्रमातली चौथी पायरी धोक्याची आहे. समजा .बहार_ओळखा ही मदतनीस तुम्ही जुन्या स्क्रिप्टमधून कन्सोलवर चालवली होती आणि पॅकेजच्या फाईलमध्ये हलवायची राहून गेली. सरासरी_भाव() तिला शोधत शोधत ग्लोबलपर्यंत पोहोचतं, तिथे ती सापडते आणि उत्तर बरोबर येतं. कुठेही चूक दिसत नाही. दुसऱ्याच्या यंत्रावर ग्लोबल रिकामं असतं, आणि तिथे पॅकेज कोसळतं.

यावर लोक आरएम(लिस्ट = एलएस()) चालवतात आणि सेशन स्वच्छ झालं असं मानतात. तसं होत नाही. एलएस() टिंबवाली नावं देतच नाही, मग ती पुसली कशी जाणार? पुसायचंच तर आरएम(लिस्ट = एलएस(ऑल.नेम्स = ट्रू)) लिहावं लागतं, आणि त्यानंही जोडलेली पॅकेजेस सुटत नाहीत. खरा उपाय म्हणजे सेशन नव्यानं सुरू करणं, कंट्रोल-शिफ्ट-एफ10. त्यासोबत आरस्टुडिओच्या ग्लोबल ऑप्शन्समध्ये जाऊन ".आरडेटा परत आणा" ही खूण काढावी आणि "बाहेर पडताना साठवा" याला नेव्हर करावं. नाहीतर पुसलेली मदतनीस उद्या सकाळी साठवलेल्या सेशनच्या त्या फाईलमधून पुन्हा हजर होते. ही फाईलही टिंबानं सुरू होते, त्यामुळे लिनक्सच्या फोल्डरमध्ये ती नजरेला पडत नाही.

टिंबाची आणखी एक खोड फाईलच्या नावात आहे. आर फोल्डरमधल्या फाईलचं नाव रोमन अक्षरानं किंवा अंकानं सुरू व्हावं, असा आरचा नियम आहे. मदतनिसांची फाईल म्हणून तिचं नाव .मदत.आर ठेवलं तर ती वाचलीच जात नाही, आणि तसं कोणी सांगतही नाही. डिस्क्रिप्शन या पॅकेजच्या माहितीच्या फाईलमध्ये कोलेट ही कोडच्या फाईलींची यादी असेल आणि नवी फाईल तिच्यात नसेल तर परिणाम तोच. "अनडिफाइन्ड एक्सपोर्ट्स" ही चूक बसवताना आली, तर याच दोन जागा आधी बघाव्यात. तिसरं कारण म्हणजे फंक्शन काढून टाकलं पण डॉक्युमेंट() (रॉक्सिजन चालवणारी आज्ञा) पुन्हा चालवलं नाही, त्यामुळे नेमस्पेस फाईलमध्ये जुनं नाव तसंच राहिलं.

रॉक्सिजनबद्दल मत चांगलं आहे. टॅग फंक्शनच्या डोक्यावरच असतो, त्यामुळे काय उघडं आणि काय खासगी ते कोड वाचतानाच कळतं. पण सुरुवातीलाच एक अडथळा येतो. रॉक्सिजन नेमस्पेस फाईल तेव्हाच बदलतं जेव्हा तिच्या पहिल्या ओळीत "जनरेटेड बाय रॉक्सिजन2" अशी खूण असते. साच्यातून आलेली एक्सपोर्टपॅटर्नवाली फाईल असेल तर रॉक्सिजन तिला हात लावत नाही. एक इशारा छापतं आणि पुढे जातं. हा इशारा बाकीच्या ओळींत हरवतो. मग टॅग लिहा, काढा, काहीही करा, बाहेर काहीच बदलत नाही. अशा वेळी नेमस्पेस फाईल सरळ पुसून टाकावी आणि डॉक्युमेंट() चालवावं. हातानं लिहिलेली यूझडायनलिबसारखी (सी कोड जोडणारी) ओळ तिच्यात असेल तर आधी ती टॅगमध्ये उतरवून घ्यावी.

नावातल्या टिंबानं रॉक्सिजनही फसतं, आणि ही चूक शोधायला अवघड जाते. समजा सरासरी भावाच्या फंक्शनला कोणी मीन.रेट असं नाव दिलं. मीन हे आरमधलं जेनेरिक (वस्तूच्या क्लासप्रमाणे, म्हणजे प्रकाराप्रमाणे, वेगळं काम करणारं फंक्शन) आहे, म्हणून रॉक्सिजन समजतं की ही रेट नावाच्या क्लासची मेथड (त्या प्रकारासाठीचं रूप) आहे. ते नेमस्पेसमध्ये एक्सपोर्ट(मीन.रेट) ऐवजी एस3मेथड(मीन, रेट) लिहितं. टॅग आहे, डॉक्युमेंट() झालं आहे, तरी फंक्शन सापडत नाही. नाव मीन_रेट करा, प्रश्न मिटतो. नव्या पॅकेजमध्ये फंक्शनांच्या नावांत टिंब वापरूच नये.

याची उलटी बाजूही आहे. खरोखरच मेथड लिहिली, उदाहरणार्थ प्रिंट.संत्राभाव, आणि तिच्यावर @एक्सपोर्ट लिहायचं राहून गेलं, तर कन्सोलवर सुबक तक्त्याऐवजी डॉलर चिन्हांची कच्ची यादी उमटते. पॅकेजच्या आतून प्रिंट() बोलावलं तर मात्र तक्ता येतो, कारण आतून शोध नेमस्पेसपासूनच सुरू होतो. या फरकामुळे माणूस तासन् तास भलत्याच जागी शोधत बसतो. निदान एका ओळीत होतं: गेटएनीव्हेअर("प्रिंट.संत्राभाव"). उत्तरात "नेमस्पेस:संत्राभाव" सोबत "रजिस्टर्ड एस3 मेथड" अशीही ओळ असायला हवी. ती नसेल तर मेथड लिहिलेली आहे, पण नोंदलेली नाही. रॉक्सिजनच्या अलीकडच्या आवृत्त्या अशा राहिलेल्या मेथडबद्दल स्वतःहून सांगतात. ही सुधारणा फार उपयोगाची आहे, आणि तेवढ्यासाठीसुद्धा जुनी आवृत्ती बदलून घ्यावी. जेनेरिक दुसऱ्या एखाद्या पॅकेजचं असेल आणि ते पॅकेज तुमच्या इम्पोर्ट्समध्ये नको असेल, तर @एक्सपोर्टएस3मेथड पॅकेज::जेनेरिक असं लिहिता येतं. आर 3.6.0 पासून ही उशिरा होणारी नोंदणी चालते.

दुसऱ्यांच्या पॅकेजमधली फंक्शनं आणण्याबाबत गैरसमज एकच, पण सर्वत्र आढळणारा. डिस्क्रिप्शनमध्ये इम्पोर्ट्सखाली नाव लिहिलं म्हणजे ते पॅकेज बसवलं जाईल एवढीच हमी मिळते. त्यातलं फंक्शन तुमच्या नेमस्पेसमध्ये येत नाही. त्यासाठी @इम्पोर्टफ्रॉम लागतं, किंवा प्रत्येक वेळी दोन कोलन देऊन बोलावावं लागतं. सेटनेम्स, मीडियन, हेड ही रोजची फंक्शनंही बेसमधली नाहीत. ती स्टॅट्स आणि युटिल्स या पॅकेजांमधली आहेत. चेक ती नेमकी दाखवतं आणि कोणती ओळ लिहायची तेही सुचवतं. पूर्ण पॅकेज @इम्पोर्टनं ओढू नये. डीप्लायर (तक्ते हाताळणारं पॅकेज) आणि स्टॅट्स दोन्ही पूर्ण ओढले की फिल्टर आणि लॅग या नावांवरून "रिप्लेसिंग प्रीव्हियस इम्पोर्ट" असा इशारा येतो, आणि भावाच्या मालिकेत लॅग चुकीचं लागलं तर आकडे बिघडतात. तीन कोलन देऊन दुसऱ्याच्या पॅकेजमधलं खासगी फंक्शन उचलणं तपासणीपुरतं ठीक आहे. पॅकेजमध्ये ते ठेवलं तर त्या लेखकानं ते कधीही बदलावं आणि तुमचं पॅकेज मोडावं, अशी अवस्था होते.

तक्ते हाताळणारं डेटा.टेबल हे पॅकेज वापरणाऱ्यांसाठी एक खास लपलेलं ऑब्जेक्ट आहे. पॅकेजमध्ये तुम्ही डेटा.टेबल::एफरीड() असं दोन कोलननंच वापरत असाल आणि नेमस्पेसमध्ये इम्पोर्टची ओळ नसेल, तर चौकटी कंसातला कोड साध्या डेटाफ्रेमच्या नियमानं चालतो आणि कॉलमांची नावं सापडत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे आर फोल्डरमधल्या कुठल्याही फाईलमध्ये .डेटाटेबल.अवेअर = ट्रू ही एक ओळ. टिंबवाली, एक्सपोर्ट न केलेली, आणि तरीही अत्यावश्यक.

भावाचा तक्ता पॅकेजसोबत द्यायचा असेल तर जागा नीट निवडावी. डेटा फोल्डरमध्ये ठेवून लेझीडेटा: ट्रू केलं तर तो वापरणाऱ्याला मिळतो. पण तो नेमस्पेसमध्ये नसतो, पॅकेज जोडल्यावरच नजरेत येतो. म्हणून सरासरी_भाव() आतून कळमना_भाव हे नाव नुसतंच वापरत असेल, तर लायब्ररी(संत्राभाव) केलेल्याला उत्तर मिळतं आणि थेट संत्राभाव::सरासरी_भाव() लिहिणाऱ्याला "ऑब्जेक्ट नॉट फाउंड" मिळतं. लोड_ऑल() आणि उदाहरणं, दोन्ही पॅकेज जोडूनच चालतात, त्यामुळे ती इथं उपयोगी पडत नाहीत. आतल्या कोडमध्ये संत्राभाव::कळमना_भाव असं पूर्ण लिहावं. बहारांच्या महिन्यांचा तक्ता फक्त आतल्या कामाचा असेल, तर तो यूझ_डेटा(..., इंटर्नल = ट्रू) करून सिसडेटा.आरडीएमध्ये ठेवावा. तो नेमस्पेसमध्येच बसतो आणि आतल्या फंक्शनांना नुसत्या नावानं मिळतो.

फंक्शनच्या बाहेर, फाईलच्या सर्वांत वरच्या पातळीवर लिहिलेला कोड पॅकेज बसवताना एकदाच चालतो. .आज = सिस.डेट() असं तिथे ठेवलं तर ती तारीख पॅकेज बसवलं त्या दिवशीच गोठते. लोड_ऑल() दर वेळी कोड नव्यानं चालवतं, म्हणून विकसकाला तारीख ताजी दिसते. एपीआयची किल्ली, फाईलचा मार्ग, तारीख हे सगळं फंक्शनच्या आत किंवा .ऑनलोडमध्ये (पॅकेज लोड होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) घ्यावं. चालू असताना काही साठवून ठेवायचं असेल तर साध्या व्हेरिएबलवर "लॉक्ड बाइंडिंग"ची चूक येते, कारण लोड झाल्यावर नेमस्पेस सीलबंद होते. .साठा = न्यू.एन्व्ह(पॅरेंट = एम्प्टीएन्व्ह()) असं एन्व्हायर्नमेंट करून ठेवलं तर त्याच्या आतल्या वस्तू बदलता येतात.

मराठी मजकुराबद्दल थोडक्यात. विंडोजवर आर 4.2.0 पासून यूटीएफ-8 हेच मूळ एन्कोडिंग आहे, त्यामुळे "आंबिया" हा शब्द कन्सोलवर नीट दिसतो. पण आर फोल्डरमधल्या कोडमध्ये देवनागरी अक्षरं थेट लिहिली तर चेक इशारा देतं. तिथे युनिकोड एस्केप (अक्षराऐवजी त्याचा सांकेतिक क्रमांक) वापरावेत, ते स्ट्रिंगी पॅकेजचं एसटीआरआय_एस्केप_युनिकोड() करून देतं. कुठल्या ओळीत अक्षरं राहिली ते टूल्स::शोनॉनएएससीआयआयफाईल() दाखवतं.

आर सीएमडी चेक हे या तिघांतलं सर्वांत रूक्ष आणि सर्वांत विश्वासू. डेव्हटूल्समधून कंट्रोल-शिफ्ट-ई केलं तरी मागे तेच चालतं. आधी पॅकेजची टारबॉल (सगळ्या फाईलींची एक दाबलेली फाईल) बांधून, वेगळ्या प्रोसेसमध्ये. "नो व्हिजिबल ग्लोबल फंक्शन डेफिनिशन" ही नोट ग्लोबलमध्ये विसरलेली मदतनीस पकडते. "नो व्हिजिबल बाइंडिंग" ही नोट मात्र डीप्लायरच्या कॉलमांच्या नावांवरही येते. तिथे .डेटा$भाव लिहावं आणि .डेटा हे आरलँग पॅकेजमधून इम्पोर्ट करावं. सगळ्या नोटा ग्लोबलव्हेरिएबल्स() मध्ये कोंबून गप्प करण्याची सवय लावू नये. खरी चूकही त्यात गप्प होते.

टारबॉलमध्येच एक सापळा आहे. .आरबिल्डइग्नोर (टारबॉलमधून काय वगळायचं ती यादी) यातली प्रत्येक ओळ रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे जुळवायचा नमुना असते, लहानमोठी अक्षरं न पाहता जुळवली जाते. त्यात नुसतं "भाव" लिहिलं तर आर फोल्डरमधली भाव_वाचा.आर सुद्धा गळते. लोड_ऑल() .आरबिल्डइग्नोर पाहतच नाही, म्हणून फोल्डरमध्ये सगळं ठीक दिसतं. सुरुवातीला ^ आणि शेवटी $ हवंच. टार टीझेडएफ करून टारबॉलमधली यादी एकदा डोळ्यांखालून घालावी.

खर्चाचा प्रश्न नाही, तिन्ही मोफत आहेत. विंडोजवर डेव्हटूल्स तयार बायनरीतून बसतं. सी किंवा सी++ कोड असेल तरच आरटूल्स लागतं, आणि ते आरच्या आवृत्तीशी जुळणारं असावं, म्हणजे आर 4.4 ला आरटूल्स 44. उबुंटूवर मात्र कर्ल, ओपनएसएसएल आणि एक्सएमएलच्या डेव्ह लायब्ररी आधी घ्याव्यात, नाहीतर बसवणं अर्ध्यात थांबतं. नेट अपुरं असेल तर पूर्ण डेव्हटूल्सऐवजी पीकेजीलोड आणि रॉक्सिजन एवढंच घेतलं तरी इथली जवळपास सगळी कामं होतात. चेक तर आरसोबत आधीच आलेलं असतं.

महाविद्यालयाच्या सामायिक लॅबमध्ये एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विंडोजवर आर 4.2 पासून प्रत्येक लॉगिनची लायब्ररी (पॅकेजेस बसतात ती जागा) त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये जाते, आणि तो फोल्डर लपलेला असतो. सरांच्या लॉगिननं बसवलेलं पॅकेज विद्यार्थ्यांच्या लॉगिनला दिसत नाही. पॅकेज उघडं असतानाच त्यावर नवी आवृत्ती बसवली तर "लेझी-लोड डेटाबेस इज करप्ट" येतं. फाईल बिघडलेली नसते, सेशन नव्यानं सुरू केलं की ते जातं.

सहकाऱ्याला टारबॉल पाठवण्याआधी ती स्वतःच्या यंत्रावर बसवून टर्मिनलमध्ये आरस्क्रिप्ट --व्हॅनिला -ई "संत्राभाव::सरासरी_भाव()" एवढी ओळ चालवावी. यात लायब्ररी() नाही, जुना .आरडेटा नाही, लोड_ऑल() नाही. लायब्ररीचा मार्ग .आरएन्व्हायरॉन या सेटिंगच्या फाईलमध्ये लिहिला असेल तर --व्हॅनिला ती फाईल वाचत नाही. तेवढ्यापुरतं त्याऐवजी --नो-रिस्टोअर --नो-इनिट-फाईल द्यावं.